दिगूने धरलेला माझा उपास

मला वास येत नाही. कधी येत होता आणि मग गेला, असंही आठवत नाही. आणि पोट मात्र मी स्वयंपाक करून भरते. मालवणात बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आमची घरगुती खानावळ आहे. मी आणि आई, दोघी मिळून चालवतो. फोडणी झाली की नाही हे मी कानाने ओळखते, मसाला भाजला की नाही ते रंगावरून. मासळी घेताना कल्ला उघडून बघते, डोळा बघते, बोटाने दाबून बघते. यातून जे निसटतं ते आई पकडते. "शालू, वाटप लागता गो खाली!" असं ती पडवीतून ओरडते आणि वाटलेला मसाला करपायच्या आत मी धावत जाऊन चूल कमी करते. आई माझं नाक आहे.

माझा धाकटा भाऊ दिगंबर, आमचा दिगू, त्यालाही वास येत नसे. तो मच्छीमारांच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. डिझेल गळतंय का हे बघायला दुसरे नाकाने हुंगतात, हा बोट लावून बघायचा. आई म्हणायची, "देवान दोघांकय नाकां दिल्यान ती नुसती चष्मो ठेवूक." मग तिघंही हसायचो. एवढी वर्षं हसलो, पण दोघांनाही वास का येत नाही, असा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही.

दिगू आता नाही. एकतिसाव्या वर्षी गेला. आम्हा दोघांना एकच आजार होता. तो मला आहे हे आधी कळलं, मी वाचले आणि ही खानावळ पुन्हा चालवतेय. त्याला आहे हे मला आतून ठाऊक होतं, आणि मी ते बोलले नाही. औषधांची माहिती डॉक्टर देतीलच. मी लिहायला बसलेय ते ही न बोलण्याची गोष्ट सांगायला.

खवलं

लहानपणापासून माझी कातडी कोरडी. थंडी पडली की पोटऱ्यांवर, तळव्यांवर पापुद्रे सुटायचे. शाळेत मुली मला 'खवली' म्हणायच्या. माशाच्या गावात राहून अंगावर खवलं असणं ही काही मोठी गंमत नव्हती. खोबरेल चोळायचं, लांब बाह्यांचे ब्लाऊज शिवायचे, असं करत मोठी झाले.

मला बघायला आलेल्या दोन स्थळांनी आधी होकार देऊन मग नकार दिला. पहिल्यांनी कातडीचं कारण सांगितलं. दुसऱ्यांसमोर आमच्या अंगणात तिन्हीसांजेला मी पायरी चुकले आणि हातातल्या ट्रेसकट पडले. दिवेलागणीनंतर मला नीट दिसत नाही हे तेव्हाच त्यांना समजलं. "चेडू आंधळा आसा," असं मध्यस्थाकडून कळवलं त्यांनी. मी तेव्हा पंचवीसची होते. त्यानंतर मीच आईला सांगितलं की पुरे झालं.

हे सगळं सांगते, कारण दिगूचं लग्न ठरलं तेव्हा माझ्या मनात काय होतं ते तुम्हाला कळावं. त्याला वालावलची सुजाता सांगून आली. शांत, हसतमुख मुलगी, घरी भातशेती आणि काजूची बाग. श्रावणात साखरपुडा झाला आणि तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त काढायचं ठरलं. दिगूची कातडी माझ्याइतकी वाईट नव्हती. अंधारात त्यालाही कमी दिसायचं, पण तो दिवस मावळायच्या आत घरी यायचा. लोकांना वाटायचं, मुलगा किती सरळमार्गी आहे!

डोळ्यांवरून नाक

साखरपुड्याच्या आधीपासूनच माझ्या पायांतलं बळ चाललं होतं. चप्पल पायातून निसटली तरी कळायचं नाही. गरम तव्याला बोट लागलं तर आधी फोड दिसायचा, मग दुखायचं. श्रावण संपता संपता एका सकाळी उठले आणि उभीच राहता येईना. दिगूने मला उचलून रिक्षात घातलं.

दोन डॉक्टर झाले, बी बारा झालं, कण्याचा फोटो झाला. मग कुडाळच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो, ते खरं तर चष्म्याचा नंबर काढायला. त्यांनी डोळ्यांत थेंब टाकून बराच वेळ आत बघितलं. मग एकदम विचारलं, "तुम्हाला वास येतो का हो?"

मला हसू आलं. डोळ्यांच्या डॉक्टरला माझ्या नाकाचं काय! पण ते हसले नाहीत. त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि म्हणाले, "गोव्याला मोठ्या इस्पितळात जा. उद्याच जा." इतक्या वर्षांत असं जोडून बघणारा हा पहिला माणूस. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

तो प्रश्न

गोव्यात मज्जातंतूंच्या विभागात एक डॉक्टरीणबाई होत्या. वयाने माझ्याएवढ्या, बोलायला थेट. त्यांनी रक्त दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवलं. गणपती घरी होते तेव्हा मी इस्पितळात होते. चौथं बोट विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी.

थांबा, चुकून आधीच लिहून बसले. त्या बोटाने माझं डोकं इतकं व्यापलंय. नीट सांगते.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी अहवाल आला. आई माझ्या उशाशी बसली होती. बाईंनी खुर्ची ओढली आणि एका कागदाच्या पाठीवर चित्र काढून समजावलं. झाडांच्या हिरव्या रंगाला म्हणे एक लांब, तेलकट शेपटी असते. रसायनाच्या भाषेत तेही एक अल्कोहोल, पण दारूशी त्याचा संबंध नाही. गाय, म्हैस, बकरी पाला खातात, त्यांच्या पोटातले जंतू ती शेपटी सुटी करतात. तिचं आम्ल बनतं आणि चरबीत बांधलं जाऊन दुधात, मांसात साठतं. समुद्रातही तसंच, शेवाळ खाणारे बारीक जीव आणि त्यांना खाणारे बांगडे, तारल्या. आपण ते खाल्लं की आपलं पोट चरबीचे बांध सोडवतं आणि सुटलेली आम्लं शरीर जाळून टाकतं. या एका आम्लाला मात्र मध्ये फांद्या असतात. आधी त्याच्या टोकाचा एक तुकडा छाटावा लागतो, मग बाकीचं सरळ मोडतं. तो पहिला तुकडा छाटणारी गोष्ट माझ्या शरीरात जन्मापासून नाही. म्हणून चाळीस वर्षं ते आम्ल साठत गेलं. डोळ्यांत, नाकात, कातडीत, पायांच्या नसांत.

आई सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे सुपारी आसा, पण अडकित्तो नाय."

"अगदी बरोबर," बाई म्हणाल्या. "आणि सुपाऱ्या येतच राहिल्या."

दूध, दही, तूप, लोणी बंद. मटण बंद. बांगडा, तारली, पेडवे बंद. मालवणच्या बाईला बांगडा बंद! मी रडले तेव्हा खरं तर त्यासाठीच रडले, मरणाचं भय अजून डोक्यात शिरलंच नव्हतं. आणि एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. "उपास अजिबात करायचा नाही. एक दिवससुद्धा नाही. उपाशी राहिलात की शरीर आतली चरबी जाळतं आणि त्यातलं सगळं आम्ल एकदम रक्तात येतं. हृदय बंद पडू शकतं."

मग त्यांनी माझ्या पायावरची चादर बाजूला केली. माझ्या पायाचं चौथं बोट दुसऱ्या बोटांपेक्षा बरंच आखूड आहे, मागे सरकून बसल्यासारखं. त्यांनी ते हातात धरलं.

"या आजारात पुष्कळांचं असं असतं. भावंडं आहेत?"

"एक भाव आसा," आई म्हणाली. "एकदम बरो आसा. लगीन ठरला तेचा."

"त्याचं बोट असं आहे का?"

आईने माझ्याकडे पाहिलं. दिगू जन्मला तेव्हा सुईणीने ते बोट बघून म्हटलं होतं, "भैणीचोच साचो." घरात ही गोष्ट शंभरदा सांगून झालेली. माझ्या डोळ्यांसमोर ते अंगण आलं, तो पडलेला ट्रे आला.

"नाही," मी म्हटलं.

आईने चादर परत माझ्या पायांवर ओढली. ते 'नाही' माझंच आहे.

"तरी त्याला आणा," बाई म्हणाल्या. "चार भावंडांत एकाला असण्याची शक्यता असते. साधी रक्ताची तपासणी आहे." आम्ही दोघींनी माना डोलावल्या.

बूट

माझं रक्त धुवायला सुरुवात झाली. एका हातातून रक्त बाहेर जायचं, यंत्रात फिरायचं, त्यातलं पिवळं पाणी वेगळं निघून पिशवीत जमायचं आणि दुसऱ्या हातातून रक्त परत यायचं. एका दिवसाआड, तीन-तीन, चार-चार तास. हलायचं नाही. ओठांना मुंग्या यायच्या, थंडी वाजायची. पहिल्या दिवशी मी इतकी घाबरले की दात वाजत होते. एक गोंयकार सिस्टर माझ्या कपाळावर हात ठेवून म्हणाली, "भिवंक नाका," आणि तिची ड्युटी संपली तरी तिथेच उभी राहिली. तिचं नाव मी विचारलं नाही, याची आज चुटपुट लागते.

दिगू दर दोन दिवसांनी मालवणहून यायचा. उजाडल्यावरच्या एसटीने निघायचा, डब्यात पेज आणि भाजलेला पापड. आल्या आल्या माझ्या तळव्यांना खोबरेल चोळायचा. त्याचे हात इंजिनाच्या कामाने आणि आमच्या त्या कातडीने खरखरीत. तो मला चिडवायचा, "ताये, इतकी वर्षां दुसऱ्यांका जेवण घातलंस, आता बस पेज खायत."

त्याला मी सांगितलं होतं, इस्पितळात चप्पल घालून येऊ नकोस, बूट घाल.

"कित्याक?"

"फरशी ओली असते. घसरशील."

मोठ्या बहिणीचं ऐकायची त्याला सवय. लग्नासाठी घेतलेले नवे बूट तो घालून यायला लागला. टाच लागून फोड आला, तरी घालून आला. बाई राऊंडला आल्या की मी आधी त्याच्या पायांकडे बघायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तशी मी माझ्या भावाची पावलं झाकून ठेवली होती. आईला मी म्हटलं, "लग्न होऊ दे. लग्नानंतर आठवडाभरात त्याला आणू." आई म्हणाली, "तुझा तू बघ, बाय. माका काय कळणा नाय." ती त्या दिवसांत एकदम म्हातारी झाली.

बाई दोनदा विचारून गेल्या, "भावाचं रक्त?" मी म्हटलं, कामात आहे, देईल. समोर बूट घालून तोच बसला होता, ऐकून न ऐकल्यासारखं करत. त्यांना वाटलं, हा कुणी चुलत भाऊ असेल. मीच तसं सांगितलं होतं.

पितृपक्षात मला घरी सोडलं. भिंतीला धरून चालता येत होतं. पायांना जमीन कळायला लागली होती.

घट

आमच्या घरी नवरात्रात घट बसतो, आणि घट बसला की घरातल्या एकाने नऊ दिवसांचा उपास धरायचा. पूर्वी वडील धरायचे. ते गेल्यावर आईला साखर निघाली, म्हणून मी धरायला लागले. सलग अठरा वर्षं धरला. दिवसातून एकदा दूध आणि दोन केळी, बस्स. आता विचार करते, दर वर्षी दसऱ्यानंतर माझे पाय का दुखायचे, तर त्याचं कारण हेच होतं.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी आई मातीच्या परडीत धान्य पेरायला बसली होती. ती म्हणाली, "डॉक्टरीण म्हणता ता खरा. पण घट बसवून उपास नाय धरूचो, ह्या कसा चालतला?"

दूध आणि उपास मला का मना आहेत हे मी दिगूला नीट सांगितलंच नव्हतं, अशक्तपणामुळे म्हटलं होतं. तो पडवीत पाना धूत होता. तिथूनच म्हणाला, "मी धरतंय तायेचो उपास. नऊ दिवसांची काय ती गजाल! देवीक म्हणा, ह्या वर्षी बदली कामगार इलो आसा."

आई हसली. मी हसले नाही. "नको रे," मी म्हटलं, "तुला कामं असतात."

"तुका बरा वाटूक व्हया ना? मग गप ऱ्हव."

त्याच वेळी मी तोंड उघडायला हवं होतं. एक वाक्य पुरे होतं. मी मनाची समजूत घातली, की तो माझ्यापेक्षा धट्टाकट्टा आहे, त्याला नसेलच, असलं तरी थोडं असेल, नऊ दिवसांत काय होतंय. चोराच्या मनात चांदणं असतं. नसेलच असं वाटत होतं, तर मी बूट का घालायला लावले?

सकाळी तिघं देवळात गेलो. आमच्याकडे कुठलीही गोष्ट देवीच्या कानावर घालायची तर मानकरी गाऱ्हाणं घालतात. म्हाताऱ्या मानकऱ्यांनी दिगूला पुढे उभं केलं आणि हात जोडून सुरू केलं, "बा देवी माऊली, आज ह्यो तुझो झील तुझ्या पायाकडे इलो आसा. तेच्या भैणीच्या अंगात जा काय वाकडा-नाकडा आसात, ता सरळ कर. तिचो उपास ह्यो पुरो करतलो, तो गोड मानून घी."

"व्हय म्हाराजा!" जमलेली माणसं म्हणाली. मीही म्हणाले.

देवीवर माझा राग नाही. तिच्या दारात मी खोटं घेऊन गेले होते.

दूध

शेजारच्या गोठ्यातून आमच्याकडे रोज दूध यायचं. माझं बंद झाल्यापासून ते जास्तच उरायचं. आई म्हणाली, "साय काढू नको, तशीच दी तेका. दिवसभर लोखंडाशी झगडता." मी ते दूध आटवून, वर साय धरून, पितळी पेल्यात भरून त्याला द्यायचे. माझ्यासाठी जे विष म्हणून बाईंनी कागदावर लिहून दिलं होतं, ते मी माझ्या हाताने, साखर घालून, त्याला दिलं. सात दिवस दिलं. हे वाक्य लिहायला मला चार महिने लागले.

पाचव्या दिवशी तो उंबरठ्याला अडखळला.

"काय झालं रे?"

"काय नाय गो. पायात मुंग्यो येतत. उपासाक सवय नाय ना माका."

त्या मुंग्या माझ्या ओळखीच्या होत्या. मी रात्रभर ठरवलं की सकाळी सांगायचं. सकाळी सुजाताचे वडील दारात हजर! लग्नाची बोलणी आणि याद्या करायला आले होते. आईने चहा ठेवला. ते कौतुकाने म्हणाले, "भैणीसाठी उपास धरणारो जावय गावलो, आमचा नशीब." दिगू लाजून आत गेला. मी त्यांच्यासमोर बसून मुहूर्त ठरवला.

सातव्या दिवशी मात्र राहवलं नाही. त्याचे डोळे खोल गेले होते, पट्ट्याला नवीन भोक पाडलं होतं. मी म्हटलं, "दिगू, उपास सोड."

"आता दोन दिवस ऱ्हवले. देवीक शब्द दिलंय."

"मी सांगते म्हणून सोड."

"कारण सांग, सोडतंय."

त्याने मला अगदी सरळ विचारलं. हातात पेला होता, ओठांवर दुधाची रेघ. मी म्हटलं, "तू फार वाळलास रे."

तो हसला. "लग्नात सूट ढिलो होयत, इतक्याच ना?"

रस्ता

अष्टमीला सकाळी दहाच्या सुमारास तो जेटीवर एका बोटीत वाकून काम करत होता, तिथेच कोसळला. जिल्ह्याच्या इस्पितळात हृदयाचे ठोके बघून ते म्हणाले, आहेत तसे गोव्याला न्या. रुग्णवाहिकेत मी त्याच्या पायाशी बसले होते. बूट कुणीतरी काढले होते. बांदा जवळ आलं तेव्हा मी बाईंना फोन लावला.

"मॅडम, मी शालिनी. माझ्या भावाला घेऊन येतेय. त्याचं बोट माझ्यासारखंच आहे. त्याला वास येत नाही. त्याने आठ दिवस उपास केलाय. मी खोटं बोलले होते."

त्या म्हणाल्या, "किती वेळ लागेल? मी यंत्र तयार ठेवते. लवकर या."

बाईंनी दारातच त्याला ताब्यात घेतलं. तेच यंत्र, तीच खोली. पिशवीत तेच पिवळं पाणी. संध्याकाळी तो शुद्धीवर आला. मला म्हणाला, "ताये, उपास मोडलो गो?"

मी म्हटलं, "नाही. नाही मोडला."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या हृदयाने दोनदा दगा दिला. पहिल्या वेळी त्यांनी त्याला परत आणलं.

बाईंनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. त्याचा अहवाल नंतर आला, त्याचा आकडा माझ्याहून मोठा होता. त्यांनी तो कागद माझ्या हातात दिला आणि माझ्या शेजारी बाकावर बसून राहिल्या. बाहेर खूप पेशंट होते, तरी बसल्या.

आता

मी बरी आहे. बरी म्हणजे चालते, चूल सांभाळते. दर काही महिन्यांनी रक्त तपासतात. बांगडा दुसऱ्यांसाठी तळते, मी अंडं, डाळ, सोलकढी-भात खाते. नाक नाही ते नाहीच. घट आम्ही या वर्षीही बसवला. उपास कुणी धरला नाही. आईच म्हणाली, "देवीक उपाशी माणसां नको आसत." ती आता कमी बोलते. पडवीत बसते आणि वाटप लागलं तरी कधी कधी सांगत नाही.

तुमच्या घरात कुणाला असा अंगात रुजलेला आजार निघाला, तर भावंडांना त्याच आठवड्यात न्या. लग्न ठरलेलं असो, परीक्षा असो, सण असो. डॉक्टरांनी विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर द्या, भले समोर कुणीही बसलेलं असो. आणि ज्याला आजार आहे त्याचं व्रत दुसऱ्या भावंडाच्या गळ्यात घालू नका. दोघांचं रक्त एकच असतं. हे मी कुडाळच्या बाजारात, देवळात, खानावळीत, जिथे विषय निघेल तिथे सांगते. लोक ऐकून घेतात. काहींना वाटतं, हिच्या डोक्यावर परिणाम झालाय. वाटू दे.

सुजाता

दिगूला जाऊन दीड महिना झाला होता, तेव्हा सुजाता आली. ज्या आठवड्यात लग्न व्हायचं होतं, त्याच आठवड्यात. एकटीच आली, दुपारची जेवणं उरकल्यावर. आईजवळ बसली, पाणी प्यायली. मग माझ्याकडे स्वयंपाकघरात आली.

मला वाटलं, आजार लपवून सोयरीक केली म्हणून भांडायला आली असेल. मी म्हटलं, "सुजाता, आमचं चुकलं. तुम्हाला फसवलं आम्ही."

"माका फसवलास नाय तुम्ही," ती म्हणाली. "साखरपुड्याच्या आधीच तेंनी माका सगळा सांगल्यांनी. काळोख पडलो की दिसणा नाय, वास येणा नाय, बोट आखूड, तायेसारखाच आसा. इचार कर म्हणाले."

मी पळी खाली ठेवली. "मग तू काय म्हणालीस?"

"काळोखात मी हात धरीन, म्हटलंय." ती दाराच्या चौकटीला टेकली. "मगे तुमचो आजार कळलो तेव्हा, लग्न झाला की दोघांनी गोव्याक जावन रक्त तपासूचा ठरलला आमचा. तुमका सांगूक नको म्हणाले. तायेक वाटता माझा लगीन मोडतला, ती घोर करतली."

पडवीतून आईच्या खोकल्याचा आवाज आला. मी खाली बसले.

सुजाता माझ्यासमोर बसली. म्हणाली, "एकच इचारतंय. उपास जीवावर येता, ह्या तेंका ठावक नव्हता. माकाय ठावक नव्हता. तुमका ठावक होता?"

"होतं," मी म्हटलं.

ती उठली, पदर सारखा केला, बाहेर जाऊन आईच्या पाया पडली आणि तीनच्या गाडीने वालावलला निघून गेली. तिने मला काहीतरी म्हणायला हवं होतं. शिवी दिली असती तरी मी ती जपून ठेवली असती.